औष्णिक वीजनिर्मिती : नागपूर परिसर

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, तर पूर्वेला मौदा येथे दगडी कोळसा जाळून वीज तयार केली जाते. पहिली दोन केंद्रे महानिर्मिती या राज्य शासनाच्या कंपनीची, मौद्याचे एनटीपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीचे. खापरखेड्याची क्षमता 1,340 मेगावॅट, मौद्याची 2,320 मेगावॅट. कोराडीत 1970 च्या दशकापासून संच, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांची एकेक जोडणी, उभे राहत गेले. सुरुवातीचे लहान संच आता बंद झाले असून 2015 ते 2017 या काळात सुरू झालेले प्रत्येकी 660 मेगावॅटचे तीन संच मुख्य भार उचलतात.

केंद्रे इथेच का आली, याचे उत्तर जमिनीखाली आहे. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी, भारत ज्याचा भाग होता त्या गोंडवन महाखंडाच्या काळात, येथे दलदलीची जंगले होती. त्या झाडांनी सूर्यप्रकाशावर वाढून साठवलेली ऊर्जा गाळाखाली दबून कोळशाच्या रूपात टिकली. कोळशाच्या थरांवर जो वालुकाश्म आहे, त्याला भूशास्त्रात नागपूरजवळच्या कामठीचेच नाव आहे. त्यातील ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केले. नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे माहीत असते. माणूस भूशास्त्रात तेवढाच मोठा होता, हे सहसा माहीत नसते. आज कामठी, सावनेर, उमरेड भागातल्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स चालवते. तिचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

केंद्रात आलेला कोळसा आधी फोडला जातो, मग गिरण्यांत पिठासारखा बारीक दळून गरम हवेबरोबर बॉयलरच्या भट्टीत फुंकला जातो. ढेकळे जाळली तर ती पृष्ठभागावरच जळतात. भुकटी हवेत तरंगता तरंगताच पेट घेते. भट्टीच्या भिंती म्हणजे उभ्या नळ्यांची रांग, आणि नळ्यांत पाणी. साध्या संचात या पाण्याची उकळून वाफ होते. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या संचांत दाब याहून बराच जास्त असतो. सुमारे 221 बार दाब आणि 374 अंश सेल्सियस तापमान ओलांडले की पाणी आणि वाफ यांतला भेदच उरत नाही, त्यामुळे उकळण्याची पायरी गळते. तेवढ्याच विजेला कोळसा थोडा कमी लागतो, हा यातला फायदा.

ही वाफ टर्बाइनची पाती मिनिटाला 3,000 वेळा फिरवते. त्याच दांड्यावर जनित्राचा विद्युतचुंबक बसवलेला असतो. तो तांब्याच्या वेटोळ्यांच्या आत फिरला की वेटोळ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हे तत्त्व फॅरेडेने 1831 मध्ये दाखवले. मिनिटाला 3,000 म्हणजे सेकंदाला 50 फेरे, आणि घरातल्या विजेची वारंवारताही 50 हर्ट्झच. रोहित्रे दाब वाढवून 400 किलोव्होल्टवर नेतात. दाब जास्त म्हणजे तारेतला प्रवाह कमी आणि वाटेतली गळतीही कमी.

या साखळीत सर्वांत मोठी गळती मात्र तारेत नसून वाफेत होते. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण 35 ते 40 टक्केच वीज होते. उरलेल्यापैकी बहुतेक शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. दुरून दिसणारे पांढरे लोट हे बऱ्याच जणांना धूर वाटतात, पण ती याच थंड होणाऱ्या पाण्याची वाफ. धूर उंच चिमणीतून निघतो आणि पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. शीतकरणाला पाणी भरपूर लागते. पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर शेती, शहर आणि वीज असे तिघे हक्क सांगत असल्याने भांडेवाडीत शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी कोराडीला पुरवण्याची योजना झाली. या परिसरातल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक म्हणावा लागेल.

मे महिन्यात 200 वॅटचा कूलर रात्रभर, दहा तास, चालला तर 2 युनिट वीज खर्च होते. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर एका रात्रीच्या गारव्यामागे दीडेक किलो कोळसा जळतो आणि त्यातून अर्ध्या किलोच्या आसपास राख उरते, कारण आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 45 टक्के असते.

‘धूर आमच्याकडे, उजेड मुंबई-पुण्याला’ ही तक्रार विदर्भात जुनी आहे. वीज एकदा ग्रिडमध्ये गेली की अमुक केंद्राची वीज अमुक शहराला, असे तारेत वेगळे काढता येत नाही, हे खरे. राख मात्र इथेच राहते, हेही तितकेच खरे. ती पाण्याबरोबर वाहून तळ्यांत साठवली जाते. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीत कोराडीजवळच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले. सिमेंट, विटा आणि रस्त्यांचे भराव यांत राख वापरता येते. केंद्र सरकारच्या डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने ती पूर्णपणे वापरणे केंद्रांवर बंधनकारक केले असून तळ्यांत आधीपासून साचलेल्या राखेसाठी दहा वर्षांची मुदत दिली आहे.