कोड ब्लूमध्ये व्यवस्थापन कुठलं आणि नेतृत्व कुठलं?

वॉर्डाची इनचार्ज झालेल्या सिस्टरच्या हातात ड्युटी रोस्टर, इंडेंट (सामानाची मागणीपत्रं) आणि रजिस्टरं येतात आणि त्यालाच नेतृत्व म्हटलं जातं. दुसरीकडे, राउंडवर चढ्या आवाजात बोलणारे वरिष्ठ डॉक्टर आपोआप ‘लीडर’ ठरतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. रुग्णाचं हृदय अचानक बंद पडलं आणि ‘कोड ब्लू’ (टीमला तातडीने बोलावण्याचा इशारा) पुकारला गेला की हा फरक उघड होतो.

व्यवस्थापन त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-सामानाची ट्रॉली) ठरल्या जागी, क्रमांकाच्या सीलने बंद. दर पाळीला सीलचा क्रमांक लिहायचा, डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) प्लगवरून काढून बॅटरीवर तपासायचा, सिलिंडरचं प्रेशर पाहायचं. लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा पाहायच्या उपकरणाचा) दिवा नुसता बघायचा नाही, लावून बघायचा. महिन्यातून एकदा सील तोडून औषधांच्या मुदती तपासायच्या. कार्ट वापरल्यावर ती कोण भरणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. आणि रजिस्टरात आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत झालेल्या दिसल्या, तर ती तपासणी झालेलीच नाही असं धरावं.

नेतृत्व सुरू होतं ते कोड सुरू झाल्यावर. लीडर रुग्णाच्या पायथ्याशी उभा, हात मोकळे, नजर मॉनिटरवर आणि घड्याळावर. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, दाबणारा दर 2 मिनिटांनी बदलायचा, मॉनिटरवर ऱ्हिदम (हृदयाची लय) पाहताना 10 सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, अ‍ॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी. हे आकडे पाठ सगळ्यांनाच असतात. ते पाळले जातात की नाही हे एकाच माणसाने बघायचं असतं. तोच लीडर श्वासनलिकेत ट्यूब टाकायला वाकला की घड्याळ बेवारस होतं. ‘अरे, कुणीतरी अ‍ॅड्रेनलिन द्या’ म्हटलं की एक तर दोघी देतात, नाहीतर कुणीच देत नाही. नाव घेऊन सांगायचं, समोरच्याने डोस परत म्हणायचा, दिल्यावर ‘दिलं’ असं मोठ्याने सांगायचं. लीडर वयाने मोठाच हवा असं नाही. प्रशिक्षित रेसिडेंट हे नीट करू शकतो, फक्त मागून येणाऱ्या सरांनी न विचारता सूत्रं हिसकावू नयेत.

गोंधळ होतो तो नंतर, चूक शोधताना. बॅटरी उतरलेली होती किंवा रात्रपाळीला एकच सिस्टर होती, तर तो व्यवस्थापनाचा दोष. त्यावर टीमवर्कचं व्याख्यान ठेवणं म्हणजे चक्क पळवाट. सामान, माणसं सगळं होतं, चुकीचा डोस सिस्टरच्या लक्षातही आला होता, पण ती बोलली नाही, तर तो नेतृत्वाचा दोष; त्यावर आणखी एक फॉर्म छापून उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची चेकलिस्ट (2008) या दोन्हींच्या सीमेवर आहे. 19 मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. कागद, वेळ आणि सही हे व्यवस्थापन. चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. हा मुद्दा सर्जन घाईत उडवतात आणि फ्लोअर नर्स निमूटपणे टिक करते. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलेली ज्युनिअर पुढे ‘सर, स्वॅब एक कमी आहे’ म्हणायला कमी कचरते. कोडमध्येही तेच साधायचं तर दाबणारा बदलताना लीडरने विचारावं, ‘माझ्याकडून काही सुटतंय का?’ आणि उत्तरासाठी क्षणभर थांबावं. दाब मात्र थांबू देऊ नये.