भिजलेलं काडतूस निकामी होतं का?

"काडतूस एकदा भिजलं की मेलं, पोरांनी खेळलं तरी चालतं," असं साताऱ्याकडच्या फौजी घरांतून ऐकायला मिळतं. तसं नाही, आणि ही समजूत फार धोक्याची आहे.

बहुतेक काडतुसांच्या बुडाशी मधोमध धातूची बारीक टोपी असते, तोच प्रायमर. त्यातला मसाला ठोका बसताच पेटतो. कारखान्यात तो ओला असतानाच भरतात, कारण तेव्हा तो सहसा भडकत नाही. वाळला की पुन्हा तयार! शिवाय लष्करी काडतुसांच्या टोपीभोवती बहुधा रंगीत लाखेचं कडं असतं, पाणी शिरू नये म्हणून. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. टोपीवर ठोक्याचा खळगा, पण पुढे गोळी तशीच, तर ते काडतूसही जिवंतच समजा.

ठोकून किंवा तापवून तपासू नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बाळगता येत नाही. जुन्या ट्रंकेत सापडलं तर हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.