सॉफ्ट रॉक कोणी वाजवला?

1965 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये द बर्ड्‌स या नव्या बँडचं पहिलं मोठं गाणं रेकॉर्ड झालं. बँड पाच जणांचा होता, पण वाद्य हातात घेतलं ते एकट्या रॉजर मॅग्विनने. ड्रम्स, बेस, पियानो आणि दुसरी गिटार वाजवायला निर्मात्याने बाहेरचे वादक बोलावले होते. रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र फोटो आणि नावं बँडचीच. त्या शहरात तेव्हा ही अगदी रोजची पद्धत होती, आणि सत्तरच्या दशकातल्या सॉफ्ट रॉकचं, म्हणजे हळुवार, सुरेल रॉक संगीताचं, मूळ शोधायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

कारण साधं होतं. स्टुडिओचं भाडं तासावर चढे आणि वादकांच्या युनियनच्या नियमाप्रमाणे एक सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगची एक बैठक, तीन तासांचं असे. तेवढ्या वेळात न अडखळता दोन-तीन गाणी पदरात पाडून देणारे लोक निर्मात्यांना हवे असत. समोर ठेवलेला स्वरलिपीचा कागद पहिल्या नजरेत वाचणारे, आणि कागदावर नुसते कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) असतील तर बाकीचं जागच्या जागी सुचवणारे. पुढे ‘रेकिंग क्रू’ या नावाने ओळखला गेलेला गट तो हाच. त्यातला ड्रमर हॅल ब्लेन 1966 ते 1971 अशी सलग सहा वर्षं ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळवणाऱ्या गाण्यांवर वाजला. पुरुषांच्या त्या जगात कॅरोल केने बेस गिटारवर स्वतःची जागा मिळवली. पैसे चोख मिळत, नाव मिळत नसे. पैसे दिले म्हणजे हिशेब फिटला असं मला वाटत नाही. ज्या सुरावटीमुळे गाणं ओळखू येतं, ती वाजवणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्याला कळायलाच हवं होतं.

बदल झाला तो 1970 च्या सुमारास. जेम्स टेलरसारखे स्वतः लिहून स्वतः गाणारे कलाकार पुढे आले. त्यांचा आवाज हळू, सोबतीला अकूस्टिक गिटार. मागे धडाधड ड्रम्स वाजवले तर गाणंच बुडणार. टेलरच्या त्या वर्षीच्या अल्बममधल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ड्रमर रस कंकेलने काठ्या बाजूला ठेवून ब्रशने ड्रम्स वाजवले. माझ्या मते सॉफ्ट रॉकमधलं ‘सॉफ्ट’पण इथे घडलं: गायकाला जागा सोडणाऱ्या वादकांच्या हातात. टेलरचा निर्माता आणि मॅनेजर पीटर अ‍ॅशर याने या वादकांची नावं कव्हरवर ठळकपणे छापायचा आग्रह धरला. मग लोक कव्हर उलटून वाचू लागले. कंकेल, बेसवर ली स्क्लार, गिटारवर डॅनी कॉर्चमार आणि कीबोर्डवर क्रेग डर्गी या चौघांनी ‘द सेक्शन’ नावाने 1972 पासून स्वतःचे अल्बमही काढले. ते फारसे खपले नाहीत. पण सेशन वादकांचा बँड होऊ शकतो, हे त्यातून दिसलं.

ब्रेड या बँडमध्ये तर सेशन वादक आणि बँड यांतली सीमा आधीपासूनच पुसट होती. डेव्हिड गेट्स हा स्वतः स्टुडिओत वाढलेला वादक आणि अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारा. 1971 मध्ये त्यांच्यात सामील झालेला लॅरी नेक्टेल थेट रेकिंग क्रूमधला. सायमन आणि गारफंकेल यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यातला पियानो त्याचाच. इंग्लंडमध्येही असं घडत होतं. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत इतरांसाठी राबणारे चौघे 10सीसी नावाचा बँड झाले.

स्टीली डॅन या बँडने उलटी वाट धरली. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर यांनी 1974 मध्ये दौरे थांबवले, बँड विरघळू दिला, आणि प्रत्येक गाण्यासाठी योग्य तो वादक बोलवायला सुरुवात केली. 1977 च्या ‘एजा’ अल्बममधल्या एका गाण्याचा गिटार सोलो एकामागून एक नावाजलेल्या वादकांकडून वाजवून घेतला आणि बाजूला ठेवला. शेवटी गिटारवादक जे ग्रेडन याचा सोलो पसंत पडला. एवढा हट्ट चालू शकला, कारण आता चोवीस ट्रॅकच्या टेपवर प्रत्येक वाद्य वेगळं ठेवता येत होतं आणि एकाचं वादन पुसून दुसऱ्याचं त्या जागी बसवता येत होतं.

स्टीली डॅनच्या 1975 च्या अल्बमवर एक गाणं सोडून सगळीकडे जेफ पोरकारोचे ड्रम्स आहेत. तेव्हा तो जेमतेम विशीतला. उरलेलं ते एक गाणं वाजवलं हॅल ब्लेनने. दोन पिढ्या एकाच रेकॉर्डवर अशा शेजारी आल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जेफचे वडील जो पोरकारो हे स्टुडिओतले तालवादक. जेफचा शाळेपासूनचा मित्र डेव्हिड पेच याचे वडील मार्टी पेच नामवंत अरेंजर. जेफ, डेव्हिड पेच आणि बेसवादक डेव्हिड हंगेट यांनी 1976 मध्ये गायक बॉझ स्कॅग्ज यांच्या ‘सिल्क डिग्रीज’वर वाजवलं. डेव्हिड पेचने त्यातली काही गाणी स्कॅग्ज यांच्यासोबत लिहिलीही. अमेरिकेत त्या अल्बमच्या पन्नास लाख प्रती गेल्या, आणि पुढच्याच वर्षी या तिघांसह टोटो हा बँड उभा राहिला.

समीक्षकांना टोटो आवडला नाही. फार सफाईदार, फार थंड, असं ते लिहीत राहिले. हा आरोप मला मान्य नाही. 1982 च्या त्यांच्या चौथ्या अल्बमची सुरुवात ज्या गाण्याने होते, त्याचे नुसते ड्रम्स ऐकावेत. प्रत्येक मात्रेचे तीन भाग. हाय-हॅट (झांजांची जोडी) पहिल्या आणि तिसऱ्या भागावर, मधल्या रिकाम्या जागेत स्नेअर या खणखणीत ड्रमवर जेमतेम ऐकू येणारा हलका ठोका, आणि चारपैकी तिसऱ्या मात्रेवर दणदणीत ठोका. ड्रमर बर्नार्ड पर्डीने स्टीली डॅनसाठी वाजवलेला शफल (झोके घेणारा ठेका), लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा ठेका आणि पायाच्या ड्रमवर बो डिडलीची लय यांतून हे जुळवलं, असं पोरकारोने स्वतः वाजवून दाखवत सांगितलं आहे. ते हलके ठोके काढून टाकले तर गाणं जागीच बसेल. ही सफाई वर्षानुवर्षं इतरांसाठी वाजवून आलेली आहे, आणि तिच्यात ऊब भरपूर आहे. 1983 च्या ग्रॅमीमध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’ आणि ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ दोन्ही टोटोला मिळाले. त्याच सुमारास हीच मंडळी मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’वरही वाजवत होती.

तोवर स्टुडिओत नवं यंत्र आलं होतं. रॉजर लिन यांचं एलएम-1 हे 1980 मध्ये बाजारात आलेलं ड्रम मशीन खऱ्या ड्रम्सचे डिजिटल नमुने वाजवायचं. किंमत सुमारे पाच हजार डॉलर, म्हणजे आधी ते मोठ्या निर्मात्यांनाच परवडलं. मग किमती उतरल्या, 1983 मध्ये मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत, आली, आणि तीन तासांच्या सेशनसाठी चार-पाच माणसं बोलावण्याची गरज कमी होत गेली. टोटोने चौथ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात मशीनसारखी एकसारखी लय हवी म्हणून पोरकारो आणि तालवादक लेनी कॅस्ट्रो यांचं हाताने वाजवलेलं रेकॉर्डिंग घेतलं, त्यातला चांगला तुकडा कापून टेपचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) केला आणि त्यावर गाणं रचलं. पुढच्या निर्मात्यांनी एवढी खटपट केली नाही, बटण दाबलं.