बोर्डिंगपासून वर्गापर्यंत: मुलाच्या घराशी जोडलेल्या शिक्षणाची कोल्हापुरातली पार्श्वभूमी

शिक्षकांच्या प्रशिक्षणात अलीकडे 'संस्कृतीसुसंगत अध्यापन' हा शब्द वारंवार कानावर पडतो. मूल ज्या घरातून, वाडीतून, पेठेतून येते तिथली बोली, कामधंदा, सणवार आणि बोलण्या-वागण्याची रीत ही शिकण्यातली अडचण न मानता तिच्याच आधाराने शिकवायचे, असा त्याचा साधा अर्थ. अनेकांना ही परदेशातून आलेली नवी पद्धत वाटते. नाव तिकडचे आहे, हे खरे. पण त्यामागचा प्रश्न कोल्हापूर संस्थानाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाताळला होता, आणि तो अर्धाच सुटला. सुटलेला अर्धा भाग बोर्डिंगांत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत, दिसतो, न सुटलेला आजही वर्गात बसलेला आहे.

आधी नावाचा उगम पाहू. अमेरिकेत १९६०च्या दशकात गरीब आणि कृष्णवर्णीय मुले शाळेत मागे का पडतात, याचे उत्तर 'त्यांच्या घरात संस्कृतीच कमी' असे दिले जाई. दोष घराचा, शाळा निर्दोष. पुढच्या दशकांत काही अभ्यासकांनी हा समज उलटा केला. हवाईमधल्या एका प्रकल्पाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तिथली मूळ हवाईयन मुले वाचनाच्या तासाला एकमेकांचे बोलणे तोडत, मध्येच बोलत. शिक्षकांना ती बेशिस्त वाटे. प्रत्यक्षात त्यांच्या घरी गोष्ट अशीच सांगितली जाते, सगळ्यांनी मिळून, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याने चढवत. शिक्षकांनी वाचनाचा तास त्या रीतीने घ्यायला सुरुवात केली आणि मुलांचे वाचन सुधारले. १९९०च्या दशकात ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांचे काम अभ्यासून या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. मुलाने अभ्यासात खरोखर पुढे जावे, आपल्या संस्कृतीत त्याचे पाय घट्ट राहावेत, आणि आजूबाजूच्या अन्यायाकडे डोळसपणे पाहण्याची ताकद त्याला यावी, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या. जिनिव्हा गे यांनी पुढे त्याला वर्गातल्या पद्धतीचा तपशील दिला. तिसरी गोष्ट आपल्याकडच्या प्रशिक्षणांत बहुधा गळून पडते. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

आता १८८२ साल. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख शिकवावी, त्याबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे द्यावेत, असे त्यात म्हटले होते. त्याहून महत्त्वाची होती शिक्षकांविषयीची मागणी. शिक्षक शक्यतो शेती करणाऱ्या वर्गांतून तयार करावेत, कारण ते त्या मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना अधिक समजतील, असे फुल्यांचे म्हणणे होते. शाळा कुणाच्या जगण्याला धरून चालते, हा प्रश्न इतक्या थेटपणे मांडणारा दस्तऐवज त्या काळात दुसरा सापडणे अवघड. सरकारने तो मनावर घेतला नाही. कोल्हापुरात मात्र फुल्यांच्या विचाराला एक राजा भेटला.

कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू महाराज यांच्या बोर्डिंगांची गोष्ट कोल्हापूरकराला पाठ असते, पण ती बहुतेकदा दातृत्वाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती शिक्षणशास्त्राची गोष्ट आहे. राजाराम कॉलेज १८८०पासून उभे होते. शाळा होत्या, शिक्षक होते. तरी खेड्यातला कुणब्याचा मुलगा तिथपर्यंत पोचत नव्हता. शहरात त्याला राहायला घर नव्हते, जेवायला पंगत नव्हती, आणि जिथे होती तिथे जातीचा विटाळ होता. सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह महाराजांनी आधी काढून पाहिले. व्यवहारात त्याचा लाभ एकाच वर्गाला मिळाला. सर्वांना दार उघडे ठेवले म्हणजे सर्व आत येतात असे नाही, हे त्यातून कळले. दार उघडे असूनही पोर उंबऱ्यावर का थांबते, ते पाहावे लागते.

म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६च्या सुमारास मुस्लिम बोर्डिंग, मग लिंगायत समाजाचे, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे शिंपी, दैवज्ञ, पांचाळ अशी रांगच लागली. मुस्लिम बोर्डिंगच्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकात उभे राहून आजूबाजूला पाहिले तर या इमारतींपैकी काही अजून दिसतात. पोराला ओळखीचे जेवण मिळाले, आपल्यासारखे बोलणारी चार पोरे भेटली, आपले सण पाळता आले, आणि मग त्याचे लक्ष पुस्तकाकडे गेले. आजच्या परिभाषेत संस्थेने मुलाच्या संस्कृतीला दिलेला प्रतिसाद म्हणतात तो हाच. इथे मुलाने संस्थेप्रमाणे बदलावे असे न म्हणता संस्था बदलली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. २६ जुलै १९०२च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. शिकून पुढे काय, याचेही उत्तर त्यामुळे बोर्डिंगच्या पोराला मिळाले.

पण जातवार बोर्डिंगांची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. घरपण देणारी भिंत ती भिंतच. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, तिथून आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला नकार दिला आणि त्यातून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह चालवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. कमवा आणि शिका हे सूत्रही तिथलेच. शेतात राबणाऱ्या पोराचे राबणे त्यामुळे लाजेची गोष्ट उरली नाही. कोल्हापुरातही १९२० साली सर्व जातींच्या मुलांसाठी प्रिन्स शिवाजी फ्री बोर्डिंग सुरू झाले. ओळखीच्या अंगणातून सुरुवात करायची आणि तिथेच अडकून राहायचे नाही, ही दिशा शाहू-भाऊराव परंपरेत स्पष्ट दिसते.

१९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

इथवर संस्था बदलली. वर्गाच्या आत काय बदलले? फार थोडे. पुस्तकातली मराठी पुण्याच्या प्रमाणभाषेची राहिली. उदाहरणे शहरी मध्यमवर्गाची राहिली. उशिरा शाळेत आलेल्या घराण्यांतली मुले बाकावर बसली खरी, पण बोलायला उठली की चुकू लागली. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली घरी 'मी जातो', 'मी आलो' असेच म्हणतात. इथल्या बोलीचे ते नियमित व्याकरण आहे, आई-आजीही तसेच बोलते. वर्गात मात्र त्यावर हशा होतो. चंदगडच्या पोराची बोली तर आणखी निराळी, तिच्यात कोकणी आणि कन्नडची सावली. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवरच्या मुलांना झाडे, जनावरे, पावसाचे वारे यांची नावे तोंडपाठ असतात, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला तीच मुले गप्प बसतात. या गप्प बसण्याला आपण बुद्धीची उणीव म्हणत आलो. अमेरिकेत १९६०च्या दशकात झाले ते हेच.

वर्गाच्या आत शिरण्याचे प्रयत्न कोल्हापुरात झालेच नाहीत असे नाही. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले. खेड्यातल्या माणसाचे शिक्षण खेड्याच्या कामाशी जोडलेले असावे, ही त्यामागची धारणा. पुढे हेच नाईक देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४ ते १९६६) सदस्य-सचिव झाले. सर्व थरांतल्या मुलांनी एकाच परिसरातल्या शाळेत शिकावे ही शेजारशाळेची कल्पना आणि शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह या आयोगाच्या अहवालात आहे. शेजारशाळा कागदावरच राहिली. कार्यानुभवाचा तास कागदाची फुले करण्यात गेला, हे आमच्या पिढीला सांगायला नको.

दुसरा प्रयत्न लीलाताई पाटलांचा. शिक्षक-प्रशिक्षणात आयुष्य घालवून निवृत्तीनंतर, १९८५ साली, त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मूल अनुभवातून शिकते, परिसरातली माणसे आणि त्यांचे श्रम हे अभ्यासाचे विषय आहेत, आणि शिक्षकाने आपल्या तासाचा रोज विचार करून तयारी करायची असते, या गोष्टी त्यांनी नुसत्या सांगितल्या नाहीत, मराठी माध्यमाच्या शाळेत वर्षानुवर्षे करून दाखवल्या. २०२० साली लीलाताई गेल्या. संस्कृतीसुसंगत अध्यापनाचा धडा कुणाला मराठीतून शिकायचा असेल तर त्यांच्या लेखनापासून सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवेन.

प्रत्यक्ष तासाला हे कसे दिसते, त्यासाठी गुऱ्हाळाकडे जाऊ. करवीर-पन्हाळ्याकडच्या मुलाला गुऱ्हाळ माहीत असते. चुलवाणावर काहिल, म्हणजे मोठी कढई, चढते, रस उकळतो, चुना आणि भेंडीचा चीक घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा अंदाज घेतो, मग पाक वाफ्यात ओततात आणि साच्यांतून गुळाचे रवे निघतात. यात उत्कलन आहे, बाष्पीभवन आहे, आम्ल-आम्लारी आहे, संपृक्त द्रावण आहे. इतक्या रसात किती किलो गूळ पडेल, हे गुणोत्तराचे गणित आहे. आणि गुळाला मिळालेला दर, ऊसवाल्याचा वाटा, गुळव्याची मजुरी मांडली की नागरिकशास्त्रही आले. गुऱ्हाळाचे चित्र भिंतीवर लावून फेटा बांधलेल्या मुलांचा फोटो काढला म्हणजे हे होत नाही. गुळव्याला जे कळते त्याला विज्ञानाची भाषा जोडून द्यावी लागते, आणि ती जोडताना गणित सोपे करून चालत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान वर्गात जरूर सांगावा. पण ती चप्पल करणाऱ्या कारागिराला गावाने कुठे बसवले होते, हेही त्याच तासाला यायला हवे. मघाशी म्हटलेली तिसरी गोष्ट ती हीच. ती वगळली तर संस्कृती म्हणजे नुसता लेझीम आणि झुणका-भाकर उरते.

कायद्याची बाजू बरीच अनुकूल आहे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ साली आले. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तितके मातृभाषेतून आणि भीतीमुक्त शिक्षण अपेक्षित आहे. २०२०चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेचा आग्रह धरते. घरची भाषा म्हणजे कुठली, हा प्रश्न मात्र इचलकरंजीत गेल्यावर कळतो. यंत्रमागांवर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी शाळेत बसतात. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीही परकी आणि कोल्हापुरी मराठीही.

ऊसतोडणी मजुरांच्या मुलांचा प्रश्न त्याहून कठीण. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून टोळ्या येतात, गाळप संपेपर्यंत फडाजवळ पाल टाकून राहतात. मुलाचे नाव बीडच्या शाळेत, मूल शिरोळच्या फडात. कारखान्यांजवळ या मुलांसाठी हंगामापुरत्या साखरशाळा निघाल्या, नंतर मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांवर भर दिला गेला. दोन्हीची गरज आहे असे मला वाटते, कारण तान्ह्या भावंडाला सांभाळायला म्हणून आणलेली थोरली मुलगी वसतिगृहात राहत नाही. एका अर्थाने हा १९०१चाच प्रश्न पुन्हा समोर आला आहे: पोर शिकायला तयार आहे, पण त्याच्या जगण्याच्या वेळापत्रकात शाळा बसत नाही.

महाविद्यालयांत ही चर्चा जवळजवळ होतच नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले ते दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांना उच्च शिक्षण जवळ आणण्यासाठी. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून कमवा आणि शिका योजनेने कितीतरी मुले पदवीधर केली. पण अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत आलेली मराठी माध्यमाची मुलगी पहिल्या दिवसापासून इंग्रजीच्या भिंतीला धडकते, आणि प्राध्यापक तिच्या न बोलण्याला तयारीचा अभाव समजतात. पहिल्या सत्रात मराठीतून विचारलेल्या शंकेला मराठीतून उत्तर देणे, दोन्ही भाषांतल्या संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणे, प्रकल्पासाठी तिच्या गावचा पूर, तिथला दूधसंघ किंवा पाणीपुरवठा संस्था घ्यायला सांगणे, यासाठी कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही. २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पंचगंगेचे आणि कृष्णेचे पाणी शिरले, त्या मुलांनी पूररेषा, विसर्ग आणि धरण-व्यवस्थापन यांवर केलेला प्रकल्प कुठल्याही पुस्तकी प्रकल्पापेक्षा खोल जाईल, कारण पाणी कुठल्या बाजूने आणि किती तासांत चढले, हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे.