पार्श्वभूमी: अल्बेर बातो आणि रँसचा फुटबॉल

फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली 1932 मध्ये. रँस शहरात 2 जुलै 1919 रोजी जन्मलेले अल्बेर बातो त्या नव्या व्यवस्थेतच वाढले. 1937 ते 1950 ते स्टाद द रँस या क्लबकडून खेळले. फ्रान्सकडून मात्र आठच सामने. 1949 ची लीग आणि 1950 चा फ्रेंच कप ही खेळाडू म्हणून त्यांची कमाई. कप जिंकला त्याच वर्षी क्लबने कर्णधारालाच प्रशिक्षक केले. कालच्या सवंगड्यांना आज संघाबाहेर बसवायचे, तेही एकतिसाव्या वर्षी! पण 1953 मध्ये लीग आली, शिवाय इटलीच्या मिलानला 3-0 ने हरवून लॅटिन कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही.

प्रशिक्षक बातोंच्या खेळाचे मर्म रेमाँ कोपा या खेळाडूच्या जागेत होते. त्या काळी बहुतेक संघ ‘डब्ल्यूएम’ रचनेत खेळत: मागे तिघे, मधला बचावपटू समोरच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूला, चिकटलेला. उजव्या बगलेवर खेळणाऱ्या कोपाला बातोंनी मध्ये आणले आणि चेंडू घ्यायला मागे सरकण्याची मोकळीक दिली. बचावपटू त्याच्यामागे गेला की पाठीमागे भगदाड. न गेला, तर कोपाला वळून पास द्यायला निवांत वेळ. लांब फटक्यांऐवजी जमिनीलगतचे छोटे पास, हा बाकीचा हिशोब.

13 जून 1956 रोजी पॅरिसमध्ये युरोपियन कपच्या पहिल्याच अंतिम सामन्यात रँस दहा मिनिटांत 2-0 ने पुढे होता. नंतर 3-2 अशीही आघाडी मिळाली, तरी रेआल माद्रिदने 4-3 ने बाजी मारली. सामन्याआधीच कोपाचा रेआलशी करार ठरला होता. त्याच्या जागी नीसहून ज्यूस्त फोंतेन आला.

1958 च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही बातोच होते. कोपा मागे सरकायचा, फोंतेन मोकळ्या जागेत घुसायचा. सहा सामन्यांत फ्रान्सचे 23 गोल, त्यांतले 13 एकट्या फोंतेनचे. ब्राझीलविरुद्ध उपांत्य सामन्यात 1-1 बरोबरी असताना बचावाचा कणा असलेल्या रोबेर जोंकेचा पाय मोडला. बदली खेळाडूची सोयच नव्हती, त्यामुळे जोंके बगलेवर लंगडत नावापुरता उभा राहिला. निकाल 5-2. हा सामना नुसता पेलेच्या तीन गोलांनी ओळखला जातो, हे जरा अन्यायाचेच. तिसऱ्या क्रमांकासाठी फ्रान्सने पश्चिम जर्मनीला 6-3 ने हरवले.

1963 मध्ये त्यांनी रँस सोडले. पुढच्याच वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. ग्रनोब्ल क्लबनंतर सेंत-एतियेन क्लबला त्यांनी 1968, 1969, 1970 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवून दिली. रँसची पाच धरून लीगची एकूण आठ.

1972 मध्ये सेंत-एतियेनची सूत्रे त्यांच्याच संघातल्या रोबेर एर्बँकडे गेली आणि 1976 मध्ये हा क्लब युरोपियन कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. 1956 च्या त्या अंतिम सामन्यात रँसचा तिसरा गोल करणाऱ्या मिशेल इदाल्गोंनी 1984 मध्ये प्रशिक्षक म्हणून फ्रान्सला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले.