पाकणीचा डेपो, भीमेचा पूल आणि पेट्रोलचा दर

सोलापूरच्या पुणे बाजूला, पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीमार्गे येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन इथवर पोचते, त्यामुळे आपल्या पंपांना टँकरचं भाडं फारसं पडत नाही. परभणीचं पेट्रोल मनमाडहून टँकरने यायचं, म्हणून 2021 मध्ये ती महागाईसाठी देशभर गाजली. पण वाहतुकीचा हिशेब एक-दोन रुपयांतच संपतो. लिटरमागे शंभराच्या वर का मोजायचे, याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

पूर्वी दर दिल्लीत ठरायचे. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चं तेल बॅरलला तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं. पुढच्या काही वर्षांत सरकारने बर्मा शेलसारख्या परदेशी कंपन्या ताब्यात घेतल्या. स्वस्त विकून कंपन्यांना तोटा झाला तर तो तिजोरी सोसायची, नाहीतर तेलरोखे, म्हणजे कंपन्यांना रोख पैशांऐवजी सरकारी कर्जरोखे देऊन पुढच्या वर्षांवर ढकलला जायचा. म्हणूनच जुलै 2008 मध्ये कच्चं तेल 147 डॉलरवर गेलं, तरी दिल्लीत पेट्रोल पन्नास रुपयांच्या आसपासच होतं. तेव्हा डॉलर 43 रुपयांच्या जवळपास होता. 2025 मध्ये तो 85 च्या पुढे गेला. आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून, तेही डॉलरमध्ये घेतो. रुपया घसरला की तेल जागेवर असूनही महागतं, ते यामुळे.

जून 2010 मध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून सुटलं, ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल. 16 जून 2017 पासून रोज सकाळी सहाला नवा दर लागू होऊ लागला. बाजारात उतरलं की पंपावरही उतरेल, हा त्यामागचा शब्द होता. तो पाळला गेला नाही, असंच मला वाटतं. 2014 ते 2016 दरम्यान कच्चं तेल शंभराच्या वरून तीसच्या खाली आलं. त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर लिटरला 9.48 वरून 21.48 रुपयांपर्यंत. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतल्या तेलाचा वायदा, म्हणजे पुढच्या खरेदीचा आधीच ठरणारा भाव, शून्याखाली गेला आणि मे महिन्याच्या सुरुवातीलाच केंद्राचं शुल्क पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपयांनी वाढलं. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवरचं शुल्क 32.90 वरून 19.90 वर आलं. रोजचा बदल मात्र 6 एप्रिल 2022 नंतर जवळपास थांबलाच.

राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीकर, त्यावर वेगळा. महाराष्ट्रात तो पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरला 5.12 रुपये. उत्पादन शुल्क आणि पंपचालकाचं कमिशन धरून जी किंमत होते तिच्यावर टक्केवारी लागते, म्हणजे करावरही कर. ऑक्टोबर 2015 मध्ये राज्याने दुष्काळासाठी लिटरला दोन रुपये अधिभार लावला होता. दुष्काळ काय असतो हे सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको, तेव्हा कुणाची कुरकुर नव्हती. पण एप्रिल 2017 मध्ये तो अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढला. यावेळी कारण होतं महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाल्याने बुडालेला महसूल! जुलै 2022 मध्ये राज्याने पाच रुपये कमी केले, तेव्हा कुठे थोडा दिलासा मिळाला.

विजापूर रस्त्याने टाकळीच्या पुढे भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं. नोव्हेंबर 2021 मध्ये कर्नाटकाने आपला विक्रीकर लिटरमागे सात रुपयांनी उतरवला. तेव्हा महाराष्ट्राने कपात केली नव्हती, आणि एका नदीच्या दोन काठांवर दोन दर दिसू लागले. जून 2024 मध्ये कर्नाटकाने तोच कर पुन्हा वाढवला, पेट्रोल तीन रुपयांनी महागलं.

आता टाकीत आपल्याच जिल्ह्याचा ऊसही असतो. इथेनॉल मिसळायला 2003 मध्ये सुरुवात झाली, 2022 मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. मात्र उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदर सरकार लिटरला 65 रुपयांच्या वर ठरवतं. त्यामुळे ऊस घरचा असला तरी पंपावरचा आकडा हलत नाही.