गोठवलेल्या ऊतींच्या संग्रहात नमुना जमा करायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जातले रकाने

निसर्ग-इतिहास संग्रहालयं ऊतींचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये किंवा द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. तिथली जागा महाग असते, त्यामुळे नोंद अर्धवट असलेला नमुना बहुतेक ठिकाणी परत जातो.

अर्ज साधारणपणे संस्थेशी संलग्न संशोधकाने करायचा असतो. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाची सही लागते.

कागदपत्रांत पहिला मान नमुना गोळा करण्याच्या परवान्याचा. नमुना दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाची पूर्वसंमती आणि ठरलेल्या अटींचा करारही पाहतात. नागोया प्रोटोकॉल (जनुकीय संसाधनं मिळवणं आणि त्यांच्या लाभाची न्याय्य वाटणी यांचा आंतरराष्ट्रीय करार) १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाल्यावर ही तपासणी कडक झाली. साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतली प्रजाती सीमेपार पाठवायची तर त्याचा वेगळा परवाना घ्या. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांमधल्या अव्यापारी देवाणघेवाणीला सवलत आहे, पण ती आपल्याला लागू होते का हे आधी विचारा. शेवटी मालकी हस्तांतराचं पत्र.

आता रकाने. लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते क्रमांकांपाशी. क्षेत्र क्रमांक तुम्ही जागेवर दिलेला. नोंदणी क्रमांक संग्रहालयाने मूळ नमुन्याला दिलेला. ऊती क्रमांक कुपीचा. एकाच बेडकाचं यकृत आणि स्नायू वेगळ्या कुप्यांत असतील तर ऊती क्रमांक दोन, नोंदणी क्रमांक एकच.

‘व्हाउचर’ म्हणजे ज्या प्राण्यापासून किंवा वनस्पतीपासून ऊती घेतली तो जतन केलेला नमुना. ओळख चुकली अशी शंका पुढे कुणाला आली, तर तपासायला हाच उपयोगी पडतो. व्हाउचर फॉर्मॅलिनमध्ये ठेवणार असाल तर ऊती त्याआधीच काढा, फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं.

‘ठिकाण’ या रकान्यात ‘नदीकाठी’ लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश, त्यातली संभाव्य चूक किती मीटरची आणि कोणत्या डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या कोणत्या संदर्भ-चौकटीवर, मोजलं (बहुधा जीपीएस वापरतं ती डब्ल्यूजीएस ८४) हे तिन्ही द्या. तारीख २०२४-०३-०७ अशी वर्षापासून लिहा. ०७/०३ म्हणजे सात मार्च की तीन जुलै, यावर पुढे कुणीतरी डोकं धरून बसतं.

‘जतन पद्धत’ मध्ये ऊती आधी इथेनॉलमध्ये होती की थेट गोठवली, आणि मृत्यूनंतर किती वेळाने, ते सांगा. आरएनए झपाट्याने तुटत असल्याने वेळेची नोंद इथे खरोखर कामाची. नमुना मध्ये वितळला असेल तर तेही लपवू नका.

कुपीवर साधं बॉलपेन चालत नाही, इथेनॉल लागलं की शाई पसरते. साधे स्टिकरही अतिथंडीत गळून पडतात. शीतसाठवणीसाठीची लेबलंच वापरा.

स्वीकृतीपत्रासोबत संग्रहालयाचे क्रमांक मिळतात. शोधनिबंधात आणि जेनबँकेत (जनुकीय अनुक्रमांचा सार्वजनिक विदासंग्रह) डीएनएचा अनुक्रम जमा करताना तेच द्या, स्वतःचा क्षेत्र क्रमांक एकटा नको.